समुद्रास न मिळालेला कालवा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. आमची धाकटी कन्या गेलीं तीन वर्षें स्पेन देशांत वायादोलिद येथील विद्यापीठांत अध्ययन करीत आहे. तिनें कळविलें कीं, चार दिवसांची सुटी काढून ती सायकलीवरून एका जुन्या कालव्याच्या कांठाकांठानें जाणार. तिच्या मातोश्रींस काळजी वाटली ती एकटीच्या प्रवासाची. आम्ही मात्र सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलेला; तेव्हां आमच्या तोंडून जो प्रश्न निघावयाचा तोच निघाला : "याचें प्रयोजन काय?" विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन हीं चार सांगितल्यावांचून शास्त्रकार ग्रंथास हात घालीत नाहींत, मग आमच्या कन्येनेंच कां घालावा? तिनें उत्तर दिलें नाहीं. तें कां दिलें नाहीं हें आम्हांस चौथ्या दिवशीं समजलें. परंतु तो भाग शेवटीं येईल. आधीं कालव्याची हकीकत सांगितली पाहिजे.

स्पेनच्या उत्तर भागांत कास्तिया नांवाचें उंच पठार आहे. त्यांतील तिएर्रा दे कांपोस, म्हणजे शेतांचा प्रदेश, गव्हाकरितां पूर्वापार प्रसिद्ध आहे. गहूं उदंड, परंतु पठार आणि उत्तरेचा समुद्र यांच्यामध्यें डोंगरांची भिंत उभी. रस्ते वाईट, वाहन खेंचरांचें. पिकल्या वर्षीं धान्यास घरीं मोल नाहीं, आणि बंदरापर्यंत नेऊं म्हटलें तर वाटखर्चच भारी. या अडचणींवर तोड म्हणून फेर्नांदो सहावा याच्या कारकीर्दींत त्याचा प्रधान मार्केस दे ला एन्सेनादा यानें कालव्याची योजना हातीं घेतली. अंतोनिओ दे उयोआ यानें आराखडा सिद्ध केला, आणि कार्लोस लेमोर या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखालीं १७५३ सालीं काम सुरू झालें. उत्तरेस कालवा डोंगरांच्या उंबरठ्यापर्यंत न्यावा व तेथून गाडीवाटेनें माल सांतांदेर बंदरास पोंचवावा. दक्षिणेस तो सेगोव्हियापर्यंत न्यावा, असा मूळचा संकल्प होता.

संकल्प थोर, पण सिद्धि तोकडी. दुसऱ्याच वर्षीं एन्सेनादाची प्रधानकी गेली. पुढें कधीं पैसा आटला, कधीं काम थांबलें. नेपोलियनच्या सैन्याशीं झालेल्या युद्धांत तर बांधलेल्याचीहि नासधूस झाली. १८३१ सालीं सरकारनें तें काम एका खासगी मंडळीकडे सोंपविलें. कालवा १८३५ त वायादोलिदला आणि १८४९ त मेदिना दे रिओसेकोला पोंचला, आणि तेथेंच खुंटला. ९६ वर्षें खपून २०७ किलोमीटर लांबीचा, उलट्या वाय अक्षरासारखा, तीन फांट्यांचा कालवा तयार झाला. तो सेगोव्हियास गेला नाहीं, डोंगरापलीकडेहि उतरला नाहीं.

तरी जें झालें तें कांहीं सामान्य नव्हे. उत्तरेस आलार देल रेय येथें पिसुएर्गा नदीचें पाणी कालव्यांत घेतलें आहे. तेथून खालपर्यंत सुमारें १५० मीटरांचा उतार. पाणी तर सपाट ठेवावयाचें आणि नावा तर उतरावयाच्या. म्हणून वाटेंत ४९ जलद्वारें बांधलीं. या जलद्वारांची युक्ति बालवाचकांसहि कळेल अशी आहे. दगडी हौदाला पुढें एक व मागें एक असे दोन दरवाजे. वरून आलेली नाव हौदांत शिरली कीं मागचा दरवाजा लावावयाचा, हौदांतलें पाणी हळूहळू खालीं सोडावयाचें; नाव आपोआप खालच्या पातळीस येते, मग पुढचा दरवाजा उघडावयाचा. वर चढावयाचें असल्यास हाच क्रम उलट. फ्रोमिस्ता येथें असे चार हौद जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें एकास एक लागून असून त्यांनीं १४ मीटरांहून अधिक उतार सांधला आहे. जुने हौद लंबवर्तुळाकार आहेत, मागाहून बांधलेले लांबट चौकोनी. आमच्या कन्येनें तेथें अर्धा दिवस घालविला.

नावांना शीड नव्हतें. कांठावरून खेंचरें दोर ओढीत चालत. त्या ओढणाऱ्या जनावरांकरितां कालव्याच्या कडेनें जी सपाट वाट राखली होती तीच आजची सायकलींची वाट. आपल्याकडे पुण्यास मुठेच्या कालव्याकडेनें सकाळीं फिरावयास जाणारे वाचक आहेतच. कालव्याची वाट पायांस किती सुखाची असते हें त्यांस सांगावयास नको.

कालव्याचें वैभव मात्र उणीं पुरीं दहा-पंधरा वर्षें टिकलें. त्या काळांत त्यावर शेंकडों नावा चालत. जलद्वारांशीं पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या निघाल्या, आणि कास्तियाचें पीठ सांतांदेरहून क्यूबा बेटापर्यंत जाऊं लागलें. इतक्यांत १८६० च्या सुमारास त्याच दिशेनें लोहमार्ग आला. जें काम नावांनीं सावकाश होत असे तें झटपट होऊं लागलें. नावा कमी कमी होत गेल्या; १९५९ त वाहतूक कायमची बंद झाली.

मग आज तेथें काय आहे? पाणी आहे. त्यावर शेतें भिजतात, वायादोलिद शहर तें पितें. १९९१ सालीं कालव्यास सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि वाट आहे. खडीच्या व मातीच्या वाटांकरितां हल्लीं एक निराळी सायकल निघाली आहे : हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणें वांकविलेलें, पण टायर रुंद व खांचेदार. अशा सायकलीवर आलारपासून वायादोलिदपर्यंतचे १२९ किलोमीटर बेतानें तीन दिवसांत होतात. चढ जवळजवळ नाहींच. एका अंगास बोरू, लव्हाळे आणि पॉप्लरच्या रांगा, दुसऱ्या अंगास क्षितिजापर्यंत हिरवा गहूं. मातीच्या भिंतींचे कबुतरखाने वाटेंत दिसतात. या प्रदेशांत आपल्या माळढोकाच्या कुळांतील एक भला मोठा पक्षी शेतांतून हिंडतो. फ्रोमिस्ताजवळ सांतियागोच्या यात्रेची जुनी वाट कांहीं अंतर कालव्याबरोबरच चालते, तेव्हां यात्रेकरूंची सोबत मिळते. उणेपणाहि सांगितला पाहिजे : पाऊस पडला कीं तेथील चिकणमाती चाकांस अशी बसते कीं सायकलच खांद्यावर घ्यावी लागते, उन्हाळ्यांत कित्येक कोस सावली नाहीं, आणि वारा समोरून आला तर सपाट वाटहि डोंगर होते. चैत्र-वैशाख हाच खरा काळ.

चौथ्या रात्रीं वायादोलिदहून तिचें पत्र आलें. "बाबा, माझी शिष्यवृत्ति वाढवून मिळाली नाहीं. प्रबंध येथें पुरा होणार नाहीं. आईला ठाऊक आहे. तुम्हांला सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. तुम्ही प्रयोजन विचारलेंत. कोठें तरी चार दिवस एकटें राहून रडून घ्यावें, एवढेंच होतें. पण शेवटल्या दिवशीं रडणें राहूनच गेलें."

आम्ही तें पत्र दोनदां वाचलें. अपुरें टाकलेलें काम हें न केल्यासारखेंच, असें आम्ही वर्गांत शेंकडों मुलांस सांगितलें. तेंच घरीं एका मुलीनें इतकें खरें मानलें कीं तिला बापाची भीति वाटली. पाटीवर कोणाचें चुकलें तें शोधण्यांत आयुष्य गेलें. या वेळीं चूक आमची होती.

आम्हीं तिला उत्तर लिहिलें. तुझ्या त्या कालव्याच्या कर्त्यांना समुद्र गांठतां आला नाहीं. ज्याकरितां खोदला तो व्यापारहि गेला. तरी पाणी शेतास मिळतें, आणि खेंचरांची वाट तुला चार दिवस उपयोगी पडली. ती कांहीं त्यांच्या आराखड्यांत नव्हती. तीन वर्षांत तूं जी भाषा शिकलीस, जे ग्रंथ वाचलेस, तें तुझ्यापाशीं आहे. पुढचें घरीं बसून ठरवूं. रागावणार नाहीं.

तिच्या मातोश्रींनीं खालीं एकच ओळ घातली : "येतांना सायकल विकूं नकोस." प्रयोजन आम्हीं विचारलें नाहीं.