पॅटर्न पाठ करण्याआधी प्रश्न ओळखा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनीसाठी नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो आणि सुट्टीच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरातल्या काही विद्यार्थ्यांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. सिंगल्टन, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर, स्ट्रॅटेजी यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. पण ‘इथे हा पॅटर्न वापरला नसता, तर काय अडलं असतं?’ असं विचारलं की शांतता पसरते.

नाव किंवा मोहल्ला पाहून मुलाखतीचं बोलावणंच येत नाही, ही आपल्याकडची तक्रार खरी आहे. तिच्यासाठी वेगळी लढाई लढावीच लागेल. पण जे आत पोचतात, त्यांनी पाठांतरामुळे रिकाम्या हाती परत येऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. घरातली पहिलीच इंजिनिअर असलेल्या मुलीला हे सांगणारं घरी कुणी नसतं.

डिझाइन पॅटर्नची कल्पना मुळात कम्प्युटरवाल्यांची नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने सहकाऱ्यांसोबत 1977 साली घरं, गल्ल्या, शहरं यांचे 253 पॅटर्न मांडले. वारंवार येणारा एक प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा गाभा, अशी प्रत्येकाची मांडणी. 1994 साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसिडस या चौघांनी ही रीत सॉफ्टवेअरला लावून 23 पॅटर्नचं पुस्तक लिहिलं. आज मुलाखतीत विचारले जातात ते बहुतेक त्यातलेच.

म्हणून पहिलं उदाहरण इमारतीचं, तेही आपल्या शहरातलं. बीबी का मकबऱ्याला ‘ताजची नक्कल’ म्हणायची लोकांना सवय आहे. चारबाग, चौथरा, चार मिनार, मधला घुमट ही मांडणी सारखी आहे, हे खरं. पण ताज बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. मकबरा बागेच्या मध्यभागी आहे, दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीसारखा. ताज संगमरवरी आहे. इथे संगमरवर मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला, बाकी काम दगड आणि चुन्याच्या गिलाव्याचं. खर्चाची नोंद सुमारे 6 लाख 68 हजार रुपयांची आहे. रचनाकार अताउल्लाह हे ताजशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचे पुत्र. म्हणजे पॅटर्न घरातलाच होता, पण जागा, पैसा आणि साहित्य बदललं तसं बांधकाम बदललं. पुस्तकातला कोड जसाच्या तसा उतरवणारा हेच विसरतो.

आता कोडकडे येऊ. समजा, तुम्ही नमाजच्या वेळा दाखवणारं ॲप लिहिताय. मराठवाड्यात बहुतेक लोक हनफी, कोकणात बहुतेक शाफई. दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली वस्तूइतकी झाली की शाफई पद्धतीने असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफी पद्धतीने. लगेच दोन क्लास आणि स्ट्रॅटेजी पॅटर्न? गरज नाही. इथे हिशेब एकच आहे, फक्त आकडा 1 किंवा 2. तो आकडा फंक्शनला द्या, काम संपलं. फजरचंही तसंच. सूर्य क्षितिजाखाली किती अंश, हे कराची पद्धतीत 18 आणि उत्तर अमेरिकेच्या इस्ना पद्धतीत 15. पुन्हा आकडाच.

इशाजवळ आलो की प्रश्न बदलतो. बहुतेक पद्धती सूर्याचा कोन मोजतात, पण मक्केची उम्मुल-कुरा पद्धत मगरिबनंतर 90 मिनिटं धरते आणि रमजानमध्ये 120. इथे हिशेब करण्याची रीतच वेगळी आहे. एका फंक्शनमध्ये ‘जर ही पद्धत असेल, तर’ असं लिहीत गेलात, तर प्रत्येक नव्या पद्धतीला जुना, चालता कोड उघडावा लागेल. आता स्ट्रॅटेजी वापरा. ‘इशाची वेळ काढ’ एवढंच सांगणारा एक इंटरफेस आणि प्रत्येक रीत आपापल्या क्लासमध्ये. नवी रीत आली की नवा क्लास जोडायचा, जुन्याला हात लावायचा नाही.

आकडा बदलतोय की रीत बदलतेय, हा फरक ओळखणं म्हणजे पॅटर्न वापरायला शिकणं. तो ओळखता आला, की स्ट्रॅटेजी हे नाव नंतर कळलं तरी चालतं. भाषेचाही विचार करा. 1996 साली पीटर नॉर्विग यांनी दाखवलं की डायनॅमिक भाषांमध्ये त्या 23 पैकी 16 पॅटर्न सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. पायथॉनमध्ये वरचं काम क्लासशिवाय, साध्या फंक्शन्सनीही होतं.

मग शिकायचं कसं? चौघांच्या त्या पुस्तकात प्रत्येक पॅटर्नखाली तो कधी वापरावा आणि त्याचे परिणाम काय, असे भाग आहेत. मुलं ते सोडून थेट आकृतीवर जातात. तुम्ही आधी ते वाचा. मग स्वतःचा जुना प्रोजेक्ट काढा, त्यात एक नवी मागणी घाला आणि किती फाइल्स बदलाव्या लागल्या ते मोजा. जिथे पुन्हा पुन्हा त्याच जागी हात घालावा लागतो, तिथे पॅटर्नची गरज असू शकते. जिथे लागत नाही, तिथला कोड साधाच राहू द्या.

मुलाखतीत ‘इथे पॅटर्न नको’ असं कारणासकट सांगायला बिचकू नका. समोर मी असेन, तर त्या उत्तराला जास्त गुण देईन.