युद्ध आहे, आता गप्प बसा?

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "पत्रकार, युद्ध लागलं की हक्क-बिक्क बाजूला ठेवायचे असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेसुद्धा तेच केलं." मला एसटी गाठायची होती, वाद घातला नाही. राहिलेलं उत्तर इथे देतो.

साहेब, अमेरिकेने केलं हे खरंय. पण काय केलं, ते पुरतं ऐका.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून काटेरी तारांच्या आत छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. गुन्हा एवढाच, की आईबाप जपानहून आलेले.

आणि पुरावा? वॉल्टर लिपमन हे तेव्हाचे अमेरिकेतले अत्यंत वजनदार स्तंभलेखक. त्या सहीच्या आठवडाभर आधी त्यांनी लिहिलं की किनाऱ्यावर अजून घातपात झालेला नाही, याचा अर्थ शत्रू पूर्ण तयारीने दबा धरून बसलाय. म्हणजे काही घडलं नाही, हाच पुरावा! असल्या तर्कापुढे कोण निर्दोष सुटेल?

तुम्ही म्हणाल, देशाने सावध राहू नये का? राहावं की! संशय असेल त्याला पकडा, कोर्टात उभं करा. एफबीआयचे प्रमुख हूवर हे काही मवाळ गृहस्थ नव्हते, पण सरसकट सगळ्यांना हलवायची गरज त्यांनाही वाटत नव्हती. ज्या हवाईवर बॉम्ब पडले, तिथली एक तृतीयांशाहून जास्त वस्ती जपानी वंशाची. तिथे मात्र सरसकट उचललं नाही, कारण उचललं असतं तर बेटांवरची कामंच ठप्प झाली असती. आणि कॅलिफोर्नियातल्या भाजीपाला उत्पादकांच्या संघटनेचा एक पदाधिकारी तर उघड बोलून गेला, की हे लोक आम्हाला स्वार्थापोटीच नको आहेत. तोंडी देशप्रेम, मनात बाजारपेठ.

त्या वेळी बहुतेक पेपरांनी सरकारची री ओढली. पण सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर वॉल्ट आणि मिली वुडवर्ड हे नवराबायको 'बेनब्रिज रिव्ह्यू' नावाचं छोटं साप्ताहिक चालवायचे. ३० मार्च १९४२ ला सैनिकांच्या पहाऱ्यात पहिल्यांदा हलवले गेले ते याच बेटावरचे २२७ जण. त्यांत स्ट्रॉबेरी पिकवणारी कितीतरी कुटुंबं होती. रिव्ह्यूने अग्रलेखांतून विरोध केला. काही वाचकांनी अंक बंद केला. वुडवर्ड दांपत्य हललं नाही. उलट त्यांनी छावणीतल्याच पोरांना वार्ताहर नेमलं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं लग्न ठरलं, बेसबॉलमध्ये कोण जिंकलं, सगळं गावच्या बातम्यांसारखं छापलं. शेजारी दूर गेलाय, पण तो शेजारीच आहे, हे वाचक विसरू नयेत म्हणून. युद्धानंतर निम्म्याहून जास्त माणसं बेटावर परतली.

हे वाचताना मला माझी एक बातमी आठवते. फोनवर मिळालेल्या माहितीवर मी एका माणसाला 'संशयित' म्हणून पहिल्या पानावर छापलं होतं. तो सुटला, ती बातमी आतल्या पानावर तीन ओळींत गेली. त्याच्या दुकानाकडे पाहत आजही मला मान वर करता येत नाही. म्हणून सांगतो, भीती वाटायला माहिती लागत नाही, छापणारा लागतो. आता तर फॉरवर्ड करणाराही पुरतो.

पुढे याच छावण्यांतली पोरं ४४२ व्या रेजिमेंटमधून इटली-फ्रान्समध्ये अमेरिकेसाठी लढली. त्यांचे आईबाप तेव्हा तारांच्या आतच होते! सरकारने नेमलेल्या आयोगाला नंतर किनाऱ्यावरच्या जपानी लोकांनी केलेल्या हेरगिरीचं किंवा घातपाताचं एकही प्रकरण सापडलं नाही. वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि कच खाल्लेलं नेतृत्व, ही कारणं त्यानेच नोंदवली. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने कायदा झाला, देशाने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

तेव्हा साहेब, तुम्ही जो दाखला देताय, तो अमेरिकेनेच चूक म्हणून मान्य केलाय. आणि आपणही १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार माणसांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं होतं. त्याची माफी अजून बाकी आहे.

युद्धात सैनिक सीमा सांभाळतो. गावात शेजारी सांभाळायचं काम आपलं. चहा माझ्याकडून, पण या मुद्द्यावर माघार नाही.