वीज तोडायची, पण वेळेत

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाच्या ग्रीडला जोडले गेले. एकीकडे वीज कमी पडली, तर दुसरीकडून घेता येऊ लागली. अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी ही मोठी सोय आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. एवढ्या मोठ्या ग्रीडमध्ये कुठे शॉर्टसर्किट झाले, की चहूबाजूंनी प्रवाह त्या जागी धावतो. ग्रीड जितके भक्कम, तितका हा लोंढा मोठा.

तो तोडण्याचे काम ब्रेकर करतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि उच्चदाबाच्या ब्रेकरला साधारण दोन-तीन आवर्तने लागतात. लोंढ्याचा पहिला, सर्वांत मोठा तडाखा मात्र १० मिलिसेकंदांच्या आसपासच बसून जातो. तो ट्रान्सफॉर्मरला सोसावा लागतो.

इथे उपयोगी पडू शकतात अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर पदार्थांचे पातळ थर. अतिथंड अवस्थेत हे पदार्थ विजेला अजिबात विरोध करत नाहीत. १९८७ साली सापडलेला यिट्रियम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांचा पदार्थ उणे १८१ अंशांच्या खाली अतिवाहक होतो. त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगावी वापरतात तोच. धातूच्या पट्टीवर या पदार्थाचा एक-दोन मायक्रॉनचा थरही मोठा प्रवाह वाहून नेतो.

मर्यादेपलीकडे प्रवाह गेला, की थराचा हा गुण जातो आणि तो विरोध करू लागतो. म्हणजे तो आपोआप चालणारा स्विचच. अडचण अशी, की थर सगळीकडे सारखा नसतो. दुबळी जागा आधी तापते, सारी उष्णता तिथेच साठते आणि थर जळू शकतो. म्हणून बाहेरून आज्ञा देण्याची पद्धत पुढे आली. बिघाडाची चाहूल लागताच उष्णतेचा, चुंबकीय क्षेत्राचा किंवा प्रकाशाचा झटका देऊन संपूर्ण थर एकदम अवस्था बदलतो.

ही कल्पना रुग्णालयांना अगदी परकी नाही. एमआरआयच्या चुंबकात प्रवाह भरताना अतिवाहक तारेचा एक तुकडा हीटरने तापवतात. प्रवाह भरला, की हीटर बंद करतात. तुकडा पुन्हा अतिवाहक होतो आणि प्रवाह चुंबकातच फिरत राहतो.

जर्मनीतील एसेन शहरात २०१४ पासून १० किलोव्होल्टच्या अतिवाहक केबलसोबत आपोआप चालणारा प्रवाहरोधक वापरला गेला. ग्रीडच्या मोठ्या दाबासाठी हे तंत्र महागडे आहे. त्याला अखंड शीतकरण लागते आणि एकदा काम केले, की थर पुन्हा थंड होईपर्यंत थांबावे लागते. शिवाय थर प्रवाह कमी करतो. तो पूर्ण तोडायला ब्रेकर लागतोच.

त्यामुळे अशा स्विचच्या चाचण्या ग्रीडच्या जोडांवर व्हायला हव्यात, पण रुग्णालयांनी त्यांची वाट पाहू नये. वॉर्डातले जुने वायरिंग ग्रीडवरचा स्विच सांभाळणार नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० बालके दगावली. त्यानंतर विद्युत व अग्निसुरक्षा तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. अर्थिंग, योग्य क्षमतेचे एमसीबी, चालू स्थितीतील यूपीएस आणि भार देऊन तपासलेला जनरेटर यांना कुठलेही नवे संशोधन लागत नाही. त्यांची तपासणी ठरल्या तारखेला झाली पाहिजे.