हरित शहराचा हिशेब बसमध्ये मांडा

पुणे-लोणावळा लोकल दापोडीला थांबते. 1 ऑगस्ट 2023 पासून मेट्रोही थांबते. निगडीहून आलेला बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी राखीव लेन, इथेच संपतो आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळाही इथेच आहे. सार्वजनिक वाहतुकीची इतकी साधने एका वस्तीला मिळणे हे भाग्यच. तरी संध्याकाळी नदीवरच्या हॅरिस पुलाकडे बघा, दुचाकी आणि मोटारी यांखेरीज फारसे काही दिसत नाही. 'हरित शहर' हा शब्द आता प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात असतो, म्हणून काही मुद्दे.

1. आपले हरित राजकारण झाडे आणि नदीकाठ यांच्यापुढे सरकत नाही. मुळा नदीच्या काठावरच्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले ते योग्यच होते. दापोडीला तर झाडांची जुनी परंपरा आहे. मुंबई सरकारने 1828 मध्ये इथे वनस्पती उद्यान उभारले. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पण वृक्षारोपणाला विरोध करणारा माणूस सहसा सापडत नाही. बसच्या लेनला मात्र विरोध होतो, कारण ती द्यायची तर मोटारवाल्याचा रस्ता कमी करावा लागतो. राजकारण म्हणतात ते इथे सुरू होते, आणि नेमके इथेच आपले पुढारी गप्प बसतात.

2. निगडी-दापोडी बीआरटीचेच बघा. रस्ता तयार होऊन कित्येक वर्षे तो सुरक्षिततेच्या वादात आणि कोर्टकचेरीत अडकला. बस धावली ती थेट 24 ऑगस्ट 2018 रोजी. एवढे करून लेन दापोडीत संपते आणि बस पुलावर इतरांच्या गर्दीत शिरते. नदीअलीकडे पिंपरी-चिंचवड, पलीकडे पुणे महापालिका, पुढे खडकी कॅन्टोन्मेंट. प्रत्येकाची हद्द वेगळी. प्रवाशाला हद्द नसते, हे या कार्यालयांना कोणी सांगायचे? देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग पुण्याने 2006 मध्ये केला आणि याच पुण्याने नगर रस्त्यावरची बीआरटी उखडून टाकली. बोगोटाने 2000 मध्ये हीच कल्पना घेऊन सबंध शहर बदलले. आपण अर्धी लेन बांधली आणि 'बीआरटी फसली' असा निकाल देऊन मोकळे झालो.

3. बस किती हव्यात याचे उत्तर सरकारी कागदावरच आहे. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी लाखामागे 60 बस लागतात. 2011 च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांची लोकसंख्या मिळून साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्यालाही 2,900 बस हव्यात, आणि दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीच्या ताफ्यात आहेत दोन हजारांच्या आसपास. मेट्रो आली म्हणून बस कमी चालेल, असे म्हणणाऱ्याने पिंपळे गुरवच्या आतल्या गल्लीतून मेट्रो स्थानकापर्यंत पायी येऊन दाखवावे, तेही पावसाळ्यात.

4. जून 2025 मध्ये पीएमपीचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. धुणीभांडी करायला बोपोडी-औंधला जाणाऱ्या बाईला ही वाढ रोज सोसावी लागते. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत शहर बसला नाही. ज्या दापोडीत एसटीच्या गाड्या बांधल्या जातात, तिथली बाई थांब्यावर पूर्ण तिकीट काढते! भाडे वाढले तेव्हा तिने विचारायचे तरी कोणाला? मार्च 2022 नंतर महापालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नव्हतेच.

5. आता एसटी वर्कशॉप, कारण दापोडीने बोलावे असा खरा मुद्दा हाच. बाहेरून आलेल्या चासीवर इथे बसची बॉडी चढते, जुन्या गाडीला नवे रूप मिळते. पत्रा, वेल्डिंग, रंग, आसने, सगळे हात इथलेच. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली, आणि त्यानंतर 5,150 विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. पीएमपीच्या विजेच्या गाड्याही बहुतांश ठेकेदाराच्याच. या व्यवस्थेत गाडी ठेकेदाराची, दुरुस्ती त्याची, चालकही त्याचाच. महामंडळाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. धूर गेला ही चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर सार्वजनिक कारखान्याचे कामही गेले, तर या बदलाला कामगाराने आपले का म्हणावे? दापोडीच्या कारागिरांना बॅटरीच्या गाडीचे प्रशिक्षण द्या. जुन्या डिझेल गाड्या विजेवर आणण्याचे काम या कार्यशाळेत करता येईल का, हे तपासा. कामगार संघटना आणि पर्यावरणवाले एका टेबलावर बसण्याचे महाराष्ट्रात यापेक्षा चांगले ठिकाण नाही. आजवर ते बसलेले मात्र दिसत नाहीत. एकाला वाटते दुसरा रोजगार घालवायला आला आहे, दुसऱ्याला वाटते पहिल्याला हवेचे काही पडलेले नाही.

6. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कायम कामगाराला कंपनीची बस मिळते. कंत्राटी पोरगा बहुधा स्वतःच्या दुचाकीवर, रात्रपाळी करून, अवजड ट्रकच्या बाजूने घरी येतो. पाळ्यांच्या वेळा धरून आखलेली पीएमपी सेवा हा त्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

7. म्हणून मागण्या मोजक्याच. लोकल, मेट्रो आणि पीएमपी या तिन्हींसाठी एकच मासिक पास. महिलांना शहर बसमध्येही अर्धे तिकीट. हॅरिस पुलापलीकडे बसला स्वतंत्र वाट, आणि ती कोण करणार हे लेखी. वर्कशॉपला विजेच्या गाड्यांचे काम. तुमच्या प्रभागातला नगरसेवक पुढच्या वृक्षारोपणाला आला की रोप हातात घेण्याआधी त्याला एवढेच विचारा: यंदाच्या अंदाजपत्रकात नव्या बससाठी किती रुपये ठेवले?