रान्काग्वा कुणी घालवलं?

१८१४ साली, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, रान्काग्वा हे गाव कुणी घालवलं, ओहिगिन्सनं की कारेरानं, हा देशभक्तांच्या या दोन सेनानींवरचा खटला चिलीत दोनशे वर्षं चालू आहे. मला दोन्हीकडच्या वकिलांचा वीट आलाय. दोघंही दोषी आहेत.

तारखाच बघा ना. २३ जुलैला होसे मिगेल कारेरानं सांतियागोत बंड करून सत्ता बळकावली. त्याला हुसकवायला ओहिगिन्स दक्षिणेतली फौज घेऊन राजधानीवरच चालून गेला आणि २६ ऑगस्टला त्रेस असेकियासला देशभक्तांनी देशभक्तांची डोकी फोडली. तोवर पेरूहून आलेला राजनिष्ठ सेनापती ओसोरियो चिलीच्या किनाऱ्यावर उतरलाही होता. शरण या, असा त्याचा खलिता आला तेव्हा कुठे हे शहाणे शुद्धीवर आले. तरी एकमत नाहीच! कारेराला अंगोस्तुराच्या खिंडीत लढायचं होतं, ओहिगिन्सला रान्काग्वात.

१ ऑक्टोबरला ओहिगिन्स आणि कारेराचा थोरला भाऊ हुआन होसे सुमारे सतराशे माणसांनिशी रान्काग्वात कोंडले गेले. तिथल्या चौकाला रस्ते कोपऱ्यांवर नाही, चारही बाजूंच्या मध्यावर येऊन मिळतात. त्या चार तोंडांवर कच्च्या विटांचे आडोसे रचले, निशाणांना काळ्या फिती बांधल्या. शत्रूनं पाटाचं पाणी तोडलं, घरं पेटवली. दारूगोळा संपत आला तसा तिसरी तुकडी घेऊन बाहेर थांबलेल्या होसे मिगेलला निरोप गेला: तुकडी आणा. ती दुसऱ्या दिवशी आली, जराशी लढली आणि पाठ दाखवून निघून गेली. का, याची कारणं कारेराभक्तांकडे ढीगभर आहेत. चौकातल्या तहानलेल्यांना एकही कळवलं नव्हतं.

मग ओहिगिन्सनं घोडेस्वारांनिशी वेढा फोडला. शौर्यच ते, नाकारत नाही. सांतियागोत त्याचा उसळत्या घोड्यावरचा पुतळाही आहे. पण मागे राहिलेल्या जखमींना घोडा कुठला? ज्या इमारतीत त्यांना ठेवलं होतं, ती त्यांच्यासकट जळाली. पुढे ओसोरियोनं सांतियागोतली प्रतिष्ठित मंडळी उचलून हुआन फर्नांदेस बेटावर डांबली.

नेते आंदीज ओलांडून मेन्दोसाला पोचले आणि तिथेही भांडले. त्याच गावात १८१८ साली हुआन होसे आणि लुईस या कारेरा भावांना गोळ्या घातल्या, १८२१ साली होसे मिगेलला. ओहिगिन्सला १८२३ साली आपल्याच लोकांनी खाली खेचलं. आसरा मिळाला तो पेरूत, ओसोरियो आला होता त्याच मुलखात.