विवाहबंधन आणि सुटकेचे दार

ख्रिस्ती समाजात विवाह हा नुसता करार असून तो मनास येईल तेव्हा मोडता येतो, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही वारंवार ऐकू येते. ती निराधार आहे. येशू ख्रिस्ताने विवाह ही ईश्वराने बांधलेली गाठ मानली; मोशेच्या नियमशास्त्रात काडीमोडीची मुभा आहे, ती मनुष्याच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे, असा त्याचा अभिप्राय आहे. मार्काच्या शुभवर्तमानात या आज्ञेस अपवाद नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र व्यभिचाराचा अपवाद सांगितला आहे. पंथापंथांतील मतभेद येथूनच दिसू लागतात. रोमन कॅथलिक पंथात दोघा ख्रिस्ती पतिपत्नींचा विधिपूर्वक झालेला व पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूवाचून सुटत नाही. तो मुळात सिद्धच झाला नव्हता, एवढाच निर्णय धर्मपीठ चौकशीअंती देऊ शकते. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांनी घटस्फोट व पुनर्विवाह यांस कमीअधिक वाट दिली आहे. पती वा पत्नी निवर्तल्यावर पुनर्विवाह करण्यास मात्र कोणत्याच प्रमुख पंथाची सरसकट मनाई नाही.

पती ख्रिस्ती झाला आणि पत्नी झाली नाही, तर काय? हा प्रश्न पहिल्या शतकातच उद्भवला होता. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याचे उत्तर आहे. जोडीदार एकत्र नांदण्यास राजी असेल, तर ख्रिस्ती झालेल्याने त्यास सोडू नये. तो आपण होऊन निघून गेला, तर मात्र ख्रिस्ती झालेला मनुष्य बांधलेला राहत नाही. आमच्यासारख्या संस्कृतावर वाढलेल्यांस येथे पराशरस्मृतीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, या पाच आपत्तींत स्त्रीस अन्य पती करण्याची अनुज्ञा तेथे आहे. याच वचनाचा आधार घेऊन ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा पक्ष मांडला. तात्पर्य, बंधन पवित्र मानणाऱ्या दोन्ही परंपरांना आपत्काळासाठी दार ठेवावे लागले. ते दार कोणासाठी होते, इकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

इंग्रज सरकारने 1866 साली ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयात जाता येई. न्यायाधीश जोडीदारास समक्ष विचारीत, विचारासाठी एक वर्ष देत, आणि तरीही नकारच राहिला तर विवाह रद्द होई. मग दोघांसही पुनर्विवाहाची मोकळीक असे. तजवीज विवेकाची खरी. परंतु दाद मागण्याचा अधिकार धर्म बदलणाऱ्यास होता, मागे राहिलेल्यास नव्हता.

मागे राहिलेलीची स्थिती काय होते, हे महाराष्ट्रास लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. नारायण वामन टिळक हे कवी. आमच्या तळेगावापासून फार दूर नसलेल्या नागपुरातही त्यांचे काही काळ वास्तव्य होते. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांच्या आश्रयास राहिल्या. टिळकांनी कायद्याचे दार ठोठावले नाही, दुसरे लग्नही केले नाही. काही वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तरी आपला धर्म व आपले सोवळे सांभाळून. स्वतःची खात्री पटल्यावर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पौलाची एकत्र नांदण्याची आज्ञा या घरात प्रत्यक्षात आली. परंतु हे दोघांच्या स्नेहामुळे व लक्ष्मीबाईंच्या करारी स्वभावामुळे घडले. जेथे असा स्नेह नाही, तेथील स्त्रीस त्यांचे उदाहरण दाखवून ‘वाट पाहा’ म्हणणे न्यायाचे नव्हे.

ख्रिस्ती स्त्रीलाही दार उशिराच उघडले. 1869 च्या घटस्फोट कायद्यात पुरुषास पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. स्त्रीस व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा त्याग किंवा असेच दुसरे कारण दाखवावे लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. 2001 च्या दुरुस्तीने स्त्रीपुरुषांस समान कारणे मिळाली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही झाली. धर्मपीठाने विवाह असिद्ध ठरविला, तरी कायद्याने तो सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली पुन्हा स्पष्ट केले. पुनर्विवाहापूर्वी न्यायालयाचा हुकूमनामा हवाच. हिंदूंकरिता 1955 च्या विवाह कायद्याने जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे एक कारण मानले. जे दार लक्ष्मीबाईंच्या काळी नव्हते, ते आज मागे राहिलेल्यासही आहे.

तथापि कायद्याचे दार वर्ध्याच्या न्यायालयात उघडते, आणि तेथवर जाण्याचे बळ घरात मिळावे लागते. टाकलेली किंवा परत आलेली मुलगी एकत्र कुटुंबात बहुधा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सामावून घेतली जाते, आणि तिच्या भवितव्याची चर्चा पुरुषमंडळी ओसरीवर करतात. 1866 च्या न्यायाधीशाने जे केले, ते तरी आपण करावे. तिला एकटीला जवळ बसवून विचारावे, तिला नांदावयाचे आहे की सुटावयाचे आहे. विचारास अवधी द्यावा. त्या अवधीत तिचे अन्न, मान आणि मुलांचे शिक्षण यांत उणे पडू देऊ नये. मग ती जे सांगेल, त्याच्या पाठीशी घरातील वडीलधाऱ्यांनी उभे राहावे. ती दुसरे घर मांडू म्हणाली, तर त्या कार्यात अक्षता टाकण्यास आपण स्वतः जावे.