स्थिर आवृत्तीचा पक्ष

आपल्या संगणकावर नवीनतम कार्यप्रणाली असावी, ही इच्छा स्वाभाविक असली, तरी ज्याच्या यंत्रावर दुकानाचा हिशेब, शाळेच्या प्रश्नपत्रिका किंवा छापखान्याकडे जाणारा मजकूर अवलंबून आहे, त्याने त्या इच्छेच्या अधीन होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९३ साली इयन मरडॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीचा कारभार या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. तेथे सामान्यतः नवे सॉफ्टवेअर प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत रुजू होते. काही दिवसांत गंभीर दोष न आढळल्यास ते ‘टेस्टिंग’ शाखेत जाते. आणि साधारण दोन वर्षांनी त्या शाखेतील नवी आवक रोखून, उरलेल्या दोषांचा बंदोबस्त करून, तिला ‘स्टेबल’ म्हणून जाहीर करण्यात येते. त्यानंतर तेथे मुख्यतः सुरक्षेच्या व महत्त्वाच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात.

या सावकाशपणाचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये प्रत्ययास आले. फाइली संकुचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कपटाने चोरवाट ठेवलेली होती, आणि त्या आवृत्त्या टेस्टिंग व अनस्टेबल या दोन्ही शाखांत पोहोचल्याही होत्या. स्टेबल मात्र जुन्याच आवृत्तीवर असल्यामुळे निर्धोक राहिली. हे कारस्थान उघडकीस आणणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड स्वतः अनस्टेबल शाखा वापरीत होते, आणि दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याच्या एसएसएच या साधनाद्वारे प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा त्यांनी चिकाटीने छडा लावला, हेही तितक्याच कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

तेव्हा विकासाधीन शाखा निरर्थक नाहीत. दोष ओळखून त्यांची रीतसर वर्दी देण्याची पात्रता आणि सवड ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्यासाठी ते सेवेचे क्षेत्रच आहे. स्थिर आवृत्तीत सॉफ्टवेअर जुने पडते आणि अगदी नवे यंत्र कधी कधी तिला ओळखता येत नाही, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु तिच्या निवारणासाठी ‘बॅकपोर्ट्स’ या भांडारातून आवश्यक तेवढीच नवी सामग्री घेण्याची सोय आहे.

म्हणून रोजच्या कामाच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवावी. आणि ज्यांना नव्याची खरी आस्था आहे, त्यांनी दुसऱ्या यंत्रावर टेस्टिंग चालवून, आढळलेला प्रत्येक दोष कर्त्यांना कळवावा.